मडकं काय झालं, ते सांग

आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात भूकंपाला तारीख नसायची, सण असायचा. पोळ्याचा हादरा, बुद्धपौर्णिमेचा हादरा अशीच त्यांची नावं. तारखा सरकारी दप्तरात असतात, सण माणसाच्या अंगात असतो. त्या दिवशी घरात काय रांधलं होतं, कोण पाहुणा आला होता, बैल कुठे बांधले होते, हे सणाबरोबर आठवत जातं. मग जमीन हलली तेव्हा आपण नेमके कुठे होतो, तेही आठवतं.

गोंदिया हा काही भूकंपाचा जिल्हा नव्हे. आमची ओळख धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, राईस मिल, तेंदूपत्ता आणि विडी यांची. २००२ साली देशाचा भूकंपप्रवणतेचा जो नकाशा ठरला, त्यात शेजारचं नागपूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात बसलं होतं. त्यामुळे भूकंप म्हटला की आमचा माणूस किल्लारीचं नाव घेतो, कोयनेचं घेतो, भुजचं घेतो. पण आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावात, बाघ नदीच्या अंगाला, म्हाताऱ्या माणसांजवळ आपल्याच अंगणातल्या हादऱ्यांच्या गोष्टी होत्या. त्या मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या नुसत्या गोष्टी नाहीत, मोजमाप आहेत, हे कळायला मात्र मला मोठं व्हावं लागलं.

आबाजी, म्हणजे आमचे आजोबा, पोळ्याचा हादरा सांगायचे. "पोळा होता लेका. बैलाइच्या शिंगाचा रंगबी निघाला नोहता. घराची मयाल अशी कुरकुरली का मले वाटलं, छत आता खाली येते." मयाल म्हणजे छपराचा भार पेलणारं आडवं लाकूड. मोठी माय तिथूनच धागा उचलायची. स्वयंपाकघरात तिची मडक्यांची उतरंड होती. खाली मोठं, त्यावर त्याहून लहान, अशी पाच-सहा मडकी. ती खडखडली. सगळ्यांत वरचं मडकं घसरून खाली भुशाच्या ढिगावर पडलं आणि तसंच राहिलं, फुटलं नाही. शेजारच्या आळीत दोन-तीन घरांचे कवेलू, म्हणजे कौलं, सरकले. पावसाळा संपलेला नव्हता, त्यामुळे ते लगेच नीट लावावे लागले, हेही तिला पक्कं आठवायचं.

आबाजींचे चुलत भाऊ शाळेत गुरुजी होते. गावात काही झालं की ते चार घरी जाऊन विचारायचे. त्यांच्यापुढे कुणी हात हवेत फिरवून सांगू लागला, की धरती फाटते असं वाटलं, जीव गेला असं वाटलं, तर ते त्याला थांबवायचे. "तू भेला, ते राहू दे. मडकं काय झालं, ते सांग." मग तो माणूस जरा शांत व्हायचा आणि आठवू लागायचा. कंदील टांगलेला होता का? झुलला का? कुठून कुठे? गुंडातलं पाणी सांडलं की नुसतं डुचमळलं? तू बसला होतास की चालत होतास? स्वतः पाहिलंस, की दुसऱ्यानं सांगितलं? होळीच्या तोंडावरचा आणखी एक जुना हादरा आबाजींच्या सांगण्यात यायचा. तो त्यांनी स्वतः अनुभवलेला नव्हता, रेल्वेतल्या माणसांकडून ऐकला होता. गुरुजी तो मोजणीत धरायचे नाहीत. सातपुड्यातला मोठा भूकंप १४ मार्च १९३८ चा आणि त्या वर्षीची होळी दोनच दिवसांनी होती, हे मी पुढे पाहिलं. ऐकीव गोष्टीतही सण बरोबर होता. तरीही ती ऐकीवच, हा गुरुजींचा निवाडा योग्यच होता.

गुरुजींनी पोळ्याच्या हादऱ्याबद्दल पंचांगाच्या समासात लिहून ठेवलं होतं. ते पंचांग अजून आमच्या घरी आहे. कागद पिवळा पडून कडांना कुरतडलेला आहे, पण श्रावण अमावास्येच्या ओळीशेजारची शिसपेन्सिल वाचता येते: उतरंड हलली. एक मडके खाली, शाबूत. कंदील झुलला. भिंतीस बारीक रेघ. जनावरे उभी राहिली. पाच तुटक वाक्यं, आणि त्यांत भीती हा शब्द कुठेच नाही.

देशातल्या भूकंपांच्या याद्यांमध्ये २५ ऑगस्ट १९५७ चा बालाघाटचा भूकंप आहे, तीव्रता ५.५. बालाघाट म्हणजे आमच्या उत्तरेला, बाघ नदीच्या पलीकडे, सोयरिकी असलेला जिल्हा. त्या वर्षी श्रावण अमावास्या २५ ऑगस्टलाच पडली होती. यादीतली तारीख आणि मोठ्या मायचा पोळा असे एकमेकांवर बसले, तेव्हा मला गुरुजींच्या प्रश्नांची किंमत कळली.

भूकंपविज्ञानातलं एक अख्खं अंग अशाच प्रश्नांवर उभं आहे. जमीन एखाद्या ठिकाणी किती जोरात हलली, हे तिथल्या माणसांच्या, वस्तूंच्या आणि घरांच्या अवस्थेवरून ठरवायचं, ही रीत यंत्रांहून जुनी. १८५७ साली इटलीत नेपल्सच्या राज्यात मोठा भूकंप झाला, तेव्हा रॉबर्ट मॅलेट नावाचा आयरिश अभियंता तिथे गावोगाव फिरला. कुठली भिंत कशी तडकली, कुठला खांब कुठल्या दिशेला पडला, याची त्याने मापं घेतली आणि सारख्या नुकसानीची गावं रेषेने जोडून नकाशा काढला. पडलेल्या वस्तूंच्या दिशेवरून उगम शोधण्याची त्याची पद्धत पुढे फारशी भरवशाची ठरली नाही. नकाशा मात्र टिकला. आजही भूकंपानंतर तसाच नकाशा काढतात. १८८३ मध्ये इटलीचे रॉसी आणि स्वित्झर्लंडचे फोरेल यांनी मिळून दहा पायऱ्यांची मोजपट्टी केली. मग मर्काली यांची आली आणि १९३१ मध्ये अमेरिकेत तिची सुधारलेली, बारा पायऱ्यांची आवृत्ती निघाली. १९६४ मध्ये मेदवेदेव, श्पोनहॉयर आणि कार्निक या तिघांनी बारा पायऱ्यांची आणखी काटेकोर पट्टी तयार केली. भारतीय मानक ब्यूरोच्या भूकंपविषयक संहितेने आपल्याकडे हीच पट्टी घेतली.

ही पट्टी वाचताना गुरुजी समोर बसून बोलताहेत असं मला वाटतं. तिसऱ्या पायरीवर घरातल्या थोड्याच लोकांना हादरा कळतो, टांगलेली वस्तू किंचित हलते. चौथ्या पायरीवर दारं-खिडक्या आणि भांडी खडखडतात, उघड्या भांड्यातलं पाणी हलतं. पाचव्यावर पुष्कळ झोपलेली माणसं जागी होतात, जनावरं अस्वस्थ होतात, टांगलेल्या वस्तू चांगल्याच झुलतात, काठोकाठ भरलेल्या भांड्यातलं पाणी थोडं सांडतं. सहाव्यावर पुष्कळ माणसं घाबरून बाहेर पळतात, भांडी पडून फुटतात. सातव्यावर उभं राहणं कठीण होतं आणि विहिरींच्या पाण्याची पातळी बदलते. आठव्या-नवव्यापासून घरं कोसळण्याची भाषा सुरू होते आणि बाराव्यावर भूभागाचं रूपच पालटतं.

यातले शब्दही मोघम ठेवलेले नाहीत. 'काही' म्हणजे शंभरातली सुमारे पाच, 'पुष्कळ' म्हणजे निम्मी, 'बहुतेक' म्हणजे पाऊणशे, असं पट्टीनेच ठरवून दिलं आहे. घरांचेही प्रकार पाडले आहेत. माती आणि ओबडधोबड दगडांची घरं एका वर्गात, साध्या विटांची दुसऱ्यात, काँक्रीटच्या सांगाड्याची तिसऱ्यात. नुकसानीच्याही प्रती आहेत. गिलाव्याला बारीक तडा ही पहिली प्रत. भिंतीत लहान भेग आणि छपराची कौलं घसरणं ही दुसरी. म्हणजे शेजारच्या आळीतले सरकलेले कवेलू हे एका आंतरराष्ट्रीय मोजपट्टीतलं नोंदवण्याजोगं लक्षण होतं. गुरुजींच्या पाच वाक्यांना ही पट्टी लावली तर १९५७ च्या पोळ्याला आमचं गाव पाचव्या पायरीवर उभं होतं आणि कवेलू सरकलेली दोन-तीन घरं सहाव्या पायरीला हात लावत होती, असं मी धरतो.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण वर्तमानपत्रांपासून व्हॉट्सॲपपर्यंत तो सारखा पुसला जातो. रिश्टर यांनी १९३५ मध्ये दिलेलं माप भूकंपाच्या उगमाचं आहे. उगमाशी किती ऊर्जा सुटली, ते त्यावरून कळतं आणि एका भूकंपाला तो आकडा एकच असतो. तो एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. पायऱ्यांचं माप मात्र गावागणिक वेगळं येतं. पोळ्याच्या दिवशी वेशीवर ढोल एकाच जोराने बडवला जातो, पण वेशीजवळच्या घरात भिंत घुमते आणि नदीपलीकडच्या शेतात नुसता ठेका ऐकू येतो, तसंच हे. बालाघाटचा आकडा ५.५ आहे, तो बालाघाटचाही आणि आमचाही. पण आमच्या उतरंडीपाशी काय झालं, हे तो आकडा सांगू शकत नाही. ते मोठी मायच सांगू शकते.

बुद्धपौर्णिमेचा हादरा मी स्वतः अनुभवला. २२ मे १९९७, पहाटे चार वाजून वीस मिनिटांचा सुमार. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळं घर अंगणात झोपतं. बाजा ओळीने टाकलेल्या होत्या. चंद्र पश्चिमेला उतरला होता आणि अंगणात अजून लख्ख उजेड होता. मला जाग आली ती बाजेचे पाय जमिनीवर टकटक वाजल्यामुळे. आधी वाटलं, आबाजी उठताना त्यांचा धक्का लागला. पण ते शेजारच्या बाजेवर आडवेच होते, डोळे उघडे ठेवून. घरातून भांड्यांच्या मांडणीवरच्या ताटांचा आवाज आला, एकावर एक थरथरल्यासारखा. मग सगळं थांबलं. तेवढ्यात काका विहिरीकडून आले. ते त्या वेळी चालत होते आणि त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. "काय झालं? काहून बसले सारे?" ते विचारत राहिले. आम्ही भूकंप म्हणालो तर त्यांना खरं वाटेना.

आबाजींनी त्यांना समजावलं, की खोटं कुणीच बोलत नाही. आडवा माणूस जमिनीचं ऐकतो, चालत्याला आपल्याच पावलांचं कळतं. गुरुजी तेव्हा हयात नव्हते, पण प्रश्न त्यांचेच होते. आणि काकांचं 'मला काही कळलं नाही' हेही मोजमापच होतं. अंगणात पडलेल्यांना कळलं, घरात भांडी वाजली, चालणाऱ्याला कळलं नाही, हे तिन्ही जबाब एकत्र ठेवले तरच गाव चौथ्या पायरीवर होतं की पाचव्या, हे ठरतं. फक्त घाबरलेल्यांचेच जबाब घेतले तर प्रत्येक भूकंप दोन पायऱ्या वर चढेल.

सकाळी आकाशवाणीवर जबलपूरचं नाव ऐकलं आणि गावात एकदम कालवा झाला. जबलपूर आमच्यासाठी लांबचं शहर नव्हतं. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी छोटी रेल्वे तेव्हा धावत होती आणि त्या रेल्वेच्या कडेकडेने आमच्या लोकांची नाती पसरलेली होती. ५.८ तीव्रतेच्या त्या भूकंपात चाळीसच्या आसपास माणसं गेली, हजारो घरं मोडली. जबलपूरजवळच्या कोसमघाटसारख्या गावांत हादरा आठव्या पायरीपर्यंत पोचला होता. तिथून आम्ही सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे, तरीही आमच्या बाजा वाजल्या.

याची कारणं जमिनीखाली आहेत. जबलपूरच्या भूकंपाचा उगम सुमारे ३५ किलोमीटर खोल होता. खोल उगमाचा भूकंप डोक्यावरच्या गावाला तुलनेने कमी झोडपतो, पण दूरपर्यंत जाणवतो. त्यात आपल्या द्वीपकल्पाचा खडक जुना, घट्ट आणि थंड. त्यातून लाटा फारशा न विरता लांब जातात. आमच्या पायाखालचा खडक तर या देशातल्या फार जुन्या खडकांपैकी एक. भूवैज्ञानिक त्याला आमगाव नाइस म्हणतात, आमच्याच तालुक्याच्या नावाने, आणि त्याचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास सांगतात.

याच्या उलट उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट. तीव्रता ६.२, म्हणजे जबलपूरच्या चौपट ऊर्जा, पण उगम जेमतेम दहा किलोमीटरच्या आसपास खोल. जवळच्या टापूतच सगळा मार बसला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मारलं ते बहुतांशी घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद. आमच्याकडेही भिंती मातीच्याच, पण वर लाकूड-बांबूच्या सांगाड्यावर कवेलूंचं छप्पर. ते माळवदाहून पुष्कळ हलकं. भूकंपाच्या पट्टीत दोन्ही घरं सर्वांत दुबळ्या वर्गातलीच, हे विसरता कामा नये. पण सरकलेला कवेलू पुन्हा बसवता येतो, माळवदाखाली सापडलेल्याला वेळ मिळत नाही. आज आमच्या गावात कवेलू जाऊन स्लॅब आले आहेत. स्लॅबखाली नीट बांधलेले खांब आणि पट्टे असतील तर घर पूर्वीपेक्षा मजबूत. जुन्या मातीच्या भिंतीवरच स्लॅब ओतला असेल, तर आपण किल्लारीचं घर गोंदियात बांधलं.

जमिनीचा पोतही पायरी बदलतो. मऊ गाळाची जमीन हादरा वाढवते. १९८५ मध्ये मेक्सिको सिटी उगमापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर असूनही उद्ध्वस्त झालं, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला होता. आमच्याकडे टेकडीवरचं खडकाळ गाव आणि वैनगंगेच्या गाळाच्या काठावरचं गाव यांत चार-पाच किलोमीटरचंच अंतर असतं, पण एकाच भूकंपात दोघांची पायरी वेगळी येऊ शकते. असा फरक टिपायचा तर गावोगाव यंत्रं हवीत. जपानने ते करून दाखवलं. तिथे हवामान खात्याची माणसं पूर्वी स्वतःच्या अनुभवावरून पायरी ठरवून कळवत. १९९६ पासून ते काम देशभर पसरलेली यंत्रं करतात आणि हादऱ्यानंतर थोड्याच वेळात प्रत्येक गावाचा आकडा जाहीर होतो. आपल्याकडे तेवढी दाट यंत्रं नाहीत. दोन यंत्रांमधल्या मोकळ्या जागेत जे घडतं, त्याची साक्ष आजही माणसंच देतात. यंत्रांच्या आधीच्या भूकंपांसाठी तर दुसरी साक्षच नाही. आसामच्या १२ जून १८९७ च्या महाभूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. त्यात ठिकठिकाणच्या लोकांचे लेखी अनुभव आणि उलथलेल्या दगडांची मापं यांना मोठं स्थान होतं. सव्वाशे वर्षांनंतरही संशोधक ते अनुभव पुन्हा काढून वाचतात.

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पूर्व विदर्भ हलला. काही मिनिटांत सगळ्यांच्या फोनवर आकडा होता. रिश्टर किती, केंद्र कुठे, हेच सगळे विचारत होते. तुझ्या घरी काय हललं, असं कुणी कुणाला विचारलं नाही. दुपारपर्यंत विषय संपला. १९५७ साली एका खेड्यातल्या शिक्षकाने पंचांगाच्या समासात जितकं टिपून ठेवलं, तितकं आपल्यापैकी कितीजणांनी त्या दिवशी टिपलं असेल? आकडा दिल्लीला मोजला जातो, पायरी आपल्या घरात मोजायची असते. ती आपण मोजली नाही, तर आपल्या गावाची नोंद कोरी राहते.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात साठी-सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांना हादऱ्यांबद्दल विचारा. सण कोणता होता, हे आधी विचारा, तारीख पंचांगातून काढता येते. ते कुठे होते, बसलेले होते की झोपलेले, काय वाजलं, काय पडलं, काय फुटलं, भिंतीला काय झालं, जनावरांनी काय केलं, कुणाला काहीच कळलं नाही, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. गावाचं नाव आणि घर कशाचं होतं, तेही लिहा. यापुढे जमीन हलली, तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर आपला अनुभव नोंदवण्याची सोय आहे, ती वापरा. जाणवलं नसेल तर तेही लिहून ठेवा. १९५७ चा पोळा जाणतेपणी पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे जबाब घ्यायचे असतील, तर ते याच वर्षी घ्यायला हवेत.